रोड सायकल नवी आहे? निदान या चुका तरी टाळा

ग्रुप राईडला मी बहुतेक वेळा सगळ्यांच्या मागे असतो. मागे पडणाऱ्यांना गोळा करायला कुणीतरी शेपटीला लागतंच, आणि ते काम हळूहळू माझ्या गळ्यात पडलं. या जागेवरून पुढचं सगळं दिसतं. माणसं बदलतात, सायकली बदलतात (हल्ली पहिलीच सायकल कार्बनची असते), पण चुका त्याच. बहुतेकांच्या मुळाशी वेगवान दिसायची घाई असते. वेगवान व्हायला काही महिने जातात, हे ऐकून घ्यायला कुणाला सवड नसते.

चाकाच्या बाजूला चाक

या चुकीवर मी जरा लांबण लावणार आहे. तुमचं पुढचं चाक पुढच्या माणसाच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही जाऊ द्यायचं नाही. चार बोटंसुद्धा नाही.

कारण साधं आहे. चालती सायकल उभी राहते ती पुढचं चाक सतत थोडंथोडं वळवल्यामुळे. तोल डावीकडे जायला लागला की आपण नकळत हँडल डावीकडे वळवतो आणि सायकल सावरते. आता तुमच्या चाकाच्या डाव्या बाजूला दुसऱ्याचं मागचं चाक घासतंय असं समजा. तोल जातो डावीकडे, आणि वळायची जागा नेमकी तिकडेच अडलेली असते. पुढच्याला फार तर हलका धक्का जाणवतो, त्याची सायकल चालत राहते. पडतो मागचा.

एक प्रसंग मी समोर घडताना पाहिला आहे. सरळ, सपाट, मोकळा रस्ता, वारा नाही, वेगही बेताचा. नव्यानेच आलेला एक तगडा गडी रांगेत मधोमध होता. पायात दम भरपूर, आणि नजर सारखी हँडलवरच्या कॉम्प्युटरवर. त्याचं चाक पुढच्याच्या चाकाच्या बाजूला वीतभर आत शिरलेलं मला मागून दिसत होतं. मी ओरडलो, त्याने हात हलवून 'कळलं' म्हणून दाखवलं आणि तसाच राहिला. थोड्या वेळाने पुढच्याने रस्त्यावरचा दगड चुकवायला सायकल जेमतेम हातभर बाजूला घेतली. 'टर्र' असा एक आवाज आला आणि गडी आडवा. गळपट्टीचं हाड मोडलं. त्याच्या मागचा त्याच्यावर जाऊन आदळला. त्याला खरचटण्यावर भागलं, पण मागच्या डिरेलरचा (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचा) हँगर तुटला आणि चाकाच्या तारा गेल्या. ज्याच्या चाकाला धक्का लागला तो बराच पुढे गेल्यावर थांबला, कारण मागे काय झालं याचा त्याला पत्ताच नव्हता.

रस्त्याच्या कडेला बसून गडी म्हणत होता, 'तो एकदम आडवा आला.' कुणी आडवं आलं नव्हतं. पुढचा माणूस दगड चुकवणारच. त्याला तेवढी जागा ठेवायची जबाबदारी मागच्याची. हे मी त्याला नंतर सांगितलं. आवडलं नाही.

मग करायचं काय? नवीन असाल तर पुढच्याच्या चाकापासून निदान अर्ध्या सायकलचं अंतर ठेवा. पुढच्याच्या आडोशाने वारा कमी लागतो, तो फायदा तेवढ्याने संपत नाही. चांगल्या वेगात बरोबर मागे राहिलं तर साधारण पाव भाग मेहनत वाचते. थोडं अंतर ठेवलंत तर त्यातली थोडी जाईल, बाकीची राहील. डोळे पुढच्याच्या चाकावर रोवू नका, त्याच्या खांद्यांकडे आणि त्याच्याही पलीकडे बघा. जवळ जातोय असं वाटलं तर ब्रेक दाबण्याआधी पॅडल सैल सोडा, छाती थोडी वर करून वारा अंगावर घ्या. एवढ्याने वेग पुरेसा उतरतो आणि मागच्यांची धांदल उडत नाही.

'पण शर्यतीत तर सगळे तिरके, चाकाला चाक लावून चालवतात,' असं मला दर काही दिवसांनी कुणीतरी सांगतं. बाजूने वारा असेल तर ते तशी तिरकी रांग लावतात, खरं आहे. त्यांचा तोच व्यवसाय आहे आणि तेही पडतात. चाक घासल्यावर कसं सावरायचं याचा सराव अनुभवी लोक गवतावर, अगदी हळू चालवत करतात. तो करा, मग बोलू.

याच चुकीची एक धाकटी बहीण चढावर भेटते. पॅडलवर उभं राहताना नवशिक्यांचा जोर क्षणभर तुटतो आणि सायकल त्यांच्याखालून मागे ढकलली जाते, मागच्याच्या चाकात. उभं राहण्याआधी एक जड गिअर टाका आणि पॅडल खाली जात असतानाच त्याच्यावर वजन देत उठा. मागे कुणी असेल तर आधी तोंडाने सांगा.

आणि पुढे राहायची पाळी आली की वेग वाढवू नका. आधीचा ताशी २८ किलोमीटरने नेत होता तर तुम्हीही २८ नेच न्या. वारा आता तुमच्या अंगावर असल्यामुळे त्याच वेगाला जास्त दम लागतो. मुळात वाऱ्याशी झगडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वेगातली ताशी दोन किलोमीटरची चढाओढसुद्धा रांग मोडायला पुरते. दोन मिनिटं दिमाख दाखवून पुढचा तासभर माझ्या शेजारी धापा टाकत बसणारे मी खूप पाहिले आहेत.

पंक्चर काढायची घाई

ही माझी दुसरी लाडकी चूक. पंक्चर झालं, ट्यूब काढली, नवी घातली, हवा भरली, निघाले. पुन्हा फुस्स.

एका राईडला एका गृहस्थांनी कार्बन डायऑक्साईडच्या नळकांडीने इतक्या चटकन ट्यूब बदलली की बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. थोडं पुढे गेल्यावर तेच चाक बसलं. पुन्हा ट्यूब, पुन्हा नळकांडी, आणि पुन्हा हवा गायब. आता त्यांच्याकडे ट्यूब नाही, नळकांडी नाही, आणि राग मात्र ट्यूब बनवणाऱ्यांवर. मी टायर काढून आतून चाचपला तर केसाएवढी पोलादी तार रबरात घुसलेली होती. बाहेरून काही दिसत नव्हतं. ट्रकचे टायर फुटले की त्यांच्या आतल्या तारांचे असे तुकडे रस्त्यावर पडतात, आणि रोड सायकलच्या पातळ टायरला तेवढा तुकडा पुरतो.

माझी पद्धत ठरलेली आहे आणि मी ती कुणासाठीही घाईने उरकत नाही. टायर बसवतानाच त्याच्यावरचं नाव व्हॉल्व्हच्या समोर येईल असं बसवतो. पंक्चर झाल्यावर ट्यूब काढली की तिच्यात थोडी हवा भरून भोक शोधतो. व्हॉल्व्हपासून भोक किती अंतरावर आहे ते कळलं की टायरवरची जागाही कळते. ट्यूब कुठल्या बाजूने होती हे विसरला असाल तर दोन्हीकडे बघा. मग टायर आतून बोटाने सावकाश चाचपायचा. सावकाश, कारण ती तार बोटातही घुसते.

भोक कसं आहे तेही बघा. बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक म्हणजे काटा, काच किंवा तार. जवळजवळ दोन चिरा म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली गेली. अशा वेळी टायरमध्ये शोधत बसायची गरज नाही. भोक आतल्या, रिमच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे आणि तारांची भोकं ट्यूबला खात आहेत. पट्टी नीट बसवल्याशिवाय कितीही ट्यूब घाला, जातच राहणार.

नवी ट्यूब गोल होईल एवढीच हवा भरून आत घाला. टायर बसवायला व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवा, म्हणजे शेवटचा भाग हातानेच बसतो. टायर काढायचा लिव्हर लावून बसवायला गेलात की बऱ्याचदा ट्यूब चिमटते. शेवटी व्हॉल्व्ह एकदा आत ढकला आणि टायर दोन्हीकडून दाबत ट्यूब कुठे अडकलेली नाही ना ते चाकभर बघा. नळकांडीला माझा विरोध नाही, पण सोबत हातपंप ठेवा. शिवाय तो वायू साध्या रबरी ट्यूबमधून हवेपेक्षा लवकर झिरपतो, त्यामुळे घरी गेल्यावर पंपाने हवा पुन्हा भरायची असते. नाहीतर दुसऱ्या दिवशी बसलेलं चाक बघून पुन्हा ट्यूबला शिव्या.

हवेवरून आठवलं: टायरच्या बाजूला छापलेला आकडा बहुधा कमाल मर्यादेचा असतो, सल्ला म्हणून नाही. हुक नसलेल्या (टायर धरायला आतून कंगोरा नसलेल्या, 'हुकलेस') रिमवर तर ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय, ही वरची हद्द; रिम किंवा टायरवर त्याहून कमी लिहिलं असेल तर तेच पाळायचं. दगडासारखा कडक टायर खडबडीत रस्त्यावर उड्या मारतो आणि हळूच जातो. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा थोडी कमी हवा ठेवा, कारण वजन मागे जास्त असतं. आणि टायर बोटाने दाबून अंदाज घेऊ नका, गेज असलेला पंप घ्या.

चढ

चढाच्या पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला आपण फार ताकदवान आहोत असं वाटेल. तसं ते सगळ्यांनाच वाटतं. एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येईल एवढ्याच जोराने सुरुवात करा. शेवटच्या टप्प्यात दम उरला तर तिथे खर्च करा. मला चढावर ओलांडून गेलेले बरेच जण पुढच्या वळणांवर पुन्हा भेटतात.

गिअरबद्दल मात्र लोकांना कमीपणा का वाटतो ते मला समजत नाही. पुढच्या चक्राला ३४ दात आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला २८ असतील तर पॅडलच्या मिनिटाला ६० फेऱ्यांनी सायकल ताशी नऊ किलोमीटरच्या थोडी वर चालते. आठ टक्के चढावर तो वेग धरणं नवशिक्याला झेपत नाही, मग फेऱ्या चाळीसवर येतात आणि गुडघे बोलायला लागतात. मागे ३४ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) लावली की त्याच ६० फेऱ्यांना वेग साडेसातच्या आसपास येतो आणि माणूस माणसासारखा वर पोचतो. तुमचा डिरेलर एवढं मोठं चक्र पेलतो का, ते आधी तपासा. याउलट सायकलचं वजन एक किलोने कमी करायला लोक वाट्टेल तेवढा खर्च करतात. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले तर तासाभराच्या चढात त्याने फार तर ४५ सेकंद वाचतील.

गिअर चढ लागायच्या आधी बदला. जोर लावून पॅडल मारताना खटकन बदललात तर चेन उतरते, आणि ती नेमकी सगळ्यांच्या मधे उतरते.

उतारावर हात हँडलच्या खालच्या दांड्यावर, ब्रेक वळणाच्या आधी, बाहेरचं पॅडल खाली, नजर वळणाच्या शेवटाकडे. रिम ब्रेक सतत दाबून धरलात तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. त्यापेक्षा थोडा वेळ घट्ट दाबा, सोडा, पुन्हा दाबा. सायकलच्या वरच्या नळीवर बसून छाती हँडलवर टेकवायचा प्रकार यूसीआय या सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेने २०२१ मध्ये शर्यतींत व्यावसायिकांनाही बंद केला. तुम्हाला त्याची काहीच गरज नाही.

बाकीचं, थोडक्यात

सीटची उंची. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. टाच पॅडलवर ठेवून पॅडल तळाशी असताना गुडघा सरळ झाला पाहिजे. सुरुवातीला एवढं पुरे. पुढे दोन-तीन मिलिमीटरनेच बदला आणि आठवडाभर चालवून बघा. रोज सीट हलवणाऱ्याचा गुडघा कधीच सांगू शकत नाही की नेमकं काय चुकतंय.

पॅडेड शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नाही. हो, काहीच नाही.

क्लीटचं पॅडल, म्हणजे बुटाच्या तळाची क्लीट ज्यात अडकते ते. फ्रेंच सायकलपटू बर्नार इनोने १९८५ ची टूर द फ्रान्स अशाच पॅडलवर जिंकली, पण तुम्हाला आधी थांबायला शिकायचं आहे. पकडीचा स्क्रू सगळ्यात सैल ठेवा, आणि थांबायच्या बऱ्याच आधी एक पाय सोडवून घ्या. थांबल्यावर सोडवू म्हणणारा उभ्याचा आडवा होतो.

खाणं. भूक लागल्यावर खाल्लंत तर उशीर झालेला असतो. दीड तासाच्या वरची राईड असेल तर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासापासून थोडंथोडं खात राहा. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट हा सर्वसाधारण हिशोब. लांब राईडच्या दिवशी नवीन खाणं, नवीन बूट, नवीन सीट यांपैकी काहीही पहिल्यांदा वापरू नका.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट न घातल्यासारखंच.

चेन. तेल ओतून चकचकीत केलेली चेन म्हणजे धुळीला आमंत्रण. प्रत्येक कडीच्या रोलरवर एकेक थेंब टाका, पॅडल थोडा वेळ उलटं फिरवा, रात्रभर तसंच राहू द्या आणि निघायच्या आधी बाहेरचं तेल फडक्याने पुसून टाका. आत गेलंय तेवढंच कामाचं. झीज मोजायचं छोटं माप मिळतं, ते घ्या. ११ किंवा १२ गिअरच्या कॅसेटवर चेन ०.५ टक्के लांबली की बदला. चालतंय तोवर चालवू म्हणाल तर ती कॅसेटचे दातही झिजवते, आणि मग नवी चेन जुन्या कॅसेटवर घसरायला लागते म्हणून दोन्ही एकदम बदलावे लागतात.