ब्रिटनमध्ये नोकरी सांभाळून घरच्यांचं करताय? रजा मागण्याआधी हे बघा

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये यासाठी दोन वेगळ्या रजा आहेत आणि गडबड होते ती चुकीची रजा मागितल्यामुळे. दोन्ही कायद्याने बिनपगारी, आणि दोन्ही फक्त 'एम्प्लॉयी' (नोकरीच्या करारावर काम करणारे, स्वतंत्र व्यावसायिक नव्हे) असणाऱ्यांना.

वडील सकाळी घरात पडले, किंवा ठरलेली मदतनीस ऐनवेळी आलीच नाही, तर 'टाइम ऑफ फॉर डिपेंडंट्स', म्हणजे तुमच्यावर अवलंबून असणाऱ्यांसाठीची तातडीची रजा. आधी नोटिस लागत नाही. कारण काय आणि किती वेळ लागेल, एवढं होईल तितक्या लवकर कळवायचं. ही रजा अचानक आलेली वेळ निभावण्यापुरतीच. पुढच्या आठवड्यातली हॉस्पिटलची अपॉइंटमेंट तिच्यात बसत नाही.

त्यासाठी 'केअरर्स लीव्ह'. 6 एप्रिल 2024 पासून ती नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळते. 12 महिन्यांत एक आठवडा, म्हणजे तुमचा कामाचा आठवडा: तीन दिवस काम करत असाल तर तीन दिवस. आई आणि वडील दोघांचं करावं लागत असलं तरी आठवडा एकच. अर्धा-अर्धा दिवस तोडून घेता येते. ज्यांचं करायचं त्यांना अपंगत्व, वार्धक्य किंवा तीन महिन्यांहून जास्त चालेल असं दुखणं असायला हवं.

नोटिस रजेच्या दुप्पट, पण किमान 3 दिवस. अर्ध्या दिवसालाही 3, दोन दिवसांना 4, तीन दिवसांना 6. तोंडी सांगितलं तरी चालतं. पण ईमेलच करा, आणि त्यात 'केअरर्स लीव्ह' हे शब्द व तारखा घाला. नुसतं "गुरुवारी येणार नाही" लिहिलंत तर एचआर ती वार्षिक रजेतून कापून मोकळं होतं.

डॉक्टरची चिठ्ठी मागायचा अधिकार मालकाला नाही. रजा नाकारताही येत नाही. कामाचा फारच खोळंबा होणार असेल तर महिन्याभराच्या आत पुढे ढकलता येते, तीही कारण आणि नवी तारीख लेखी देऊन. ही रजा घेतली म्हणून काढून टाकलं, तर नोकरीत दोन वर्षं झालेली नसली तरी दाद मागता येते.

कामाच्या वेळाच बदलायच्या असतील तर 'फ्लेक्सिबल वर्किंग'चा लेखी अर्ज करा: हा कायद्यानुसार केलेला अर्ज आहे हे वाक्य, तारीख, हवा असलेला बदल, तो कधीपासून, आणि आधी अर्ज केला असल्यास त्याची तारीख. वर्षात दोन अर्ज चालतात. मालकाने दोन महिन्यांत उत्तर द्यायचं, आणि नाकारण्याआधी तुमच्याशी बोलायचं.

अपंग मुलामुळे किंवा म्हाताऱ्या आईमुळे तुम्हाला वाईट वागणूक मिळाली, तर तोही 2010 च्या इक्वॅलिटी ॲक्टखाली भेदभाव ठरू शकतो. मात्र अपंग कर्मचाऱ्याला कामात ज्या सोयी करून द्याव्या लागतात, त्या घरच्या अपंग माणसाची काळजी घेता म्हणून तुम्हाला मागता येत नाहीत. इथे बरेच जण फसतात.

ट्रायब्युनलमध्ये (नोकरीतले वाद ऐकणारं न्यायालय) दावा करायची मुदत तीन महिने वजा एक दिवस धरून चाला, आणि त्याआधी एकासकडे (Acas, नोकरीतले वाद मिटवणारी सरकारी संस्था) 'अर्ली कन्सिलिएशन'साठी, म्हणजे दाव्याआधी तडजोडीचा प्रयत्न करण्यासाठी, कळवावंच लागतं. ऑफिसातली अंतर्गत तक्रार सुरू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही.