बदकं पाहायच्या घरगुती बोटीला मोटर कोणती लावायची

प्लायवूडची बोट घरी बनवली, आता किती एचपीची मोटर घेऊ, हा प्रश्न या हिवाळ्यात मला तीन जणांनी विचारला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. आमची बोट १४ फूट लांब, मागच्या फळीशी साडेतीन फूट रुंद, बूड सपाट. प्लॅन अमेरिकेतल्या बदकांच्या शिकारीच्या बोटीचा आहे, कारण उथळ पाण्यात चालणारी, गवतात घुसणारी आणि पाण्याला टेकून बसणारी बोट कशी असावी यावर सगळ्यात जास्त डोकं त्या लोकांनीच लावलंय. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं रानबदक मारणं गुन्हा आहे आणि आम्हाला मारायचंही नाही, आम्ही त्यात दुर्बीण आणि वही घेऊन बसतो, जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते तेव्हा काठावरून जे थवे नुसते काळे ठिपके दिसतात ते बोटीतून तलवार बदक, थापट्या, गडवाल असे वेगवेगळे मोजता येतात.

मोटरच्या आधी परवानगीचं बोलू, कारण काही जण आधी मोटर घेतात आणि मग तलाव शोधत फिरतात. नागपूरचा गोरेवाडा पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे, तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे आपली बोट न्यायचा विचारही करू नका. बाकी धरणांसाठी जलसंपदा खात्याला विचारायचं, गावतलाव असेल तर ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषद, आणि मासेमारीचा ठेका ज्या सोसायटीकडे आहे त्या लोकांना तर विचारायचंच. मोटर लागली की बोट २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात यांत्रिक बोट म्हणून येते, तर नोंदणीचंही आधीच विचारून ठेवा.

आता एचपी. सपाट बुडाची भरलेली बोट पाणी कापत नाही, ढकलत जाते आणि अशा बोटीला वेगाची एक हद्द असते. पाण्यात टेकलेली लांबी फुटात घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ नं गुणा, उत्तर नॉटमध्ये येतं. आमची बोट पाण्यात १३ फूट टेकते म्हणजे ४.८ नॉट, ताशी ९ किलोमीटरच्या आसपास. दोन माणसं आणि सामान घेऊन तिथपर्यंत जायला अडीच ते चार एचपी भरपूर झाली. याच्या वर जायचं तर बोट पाण्यावर उचलून धावायला पाहिजे, त्याला एकदम दुप्पट-तिप्पट ताकद लागते, आणि बदकं पाहायला चाललेल्या माणसाला ताशी २५ चा वेग कशाला लागतो हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

जास्तीत जास्त किती लावता येते याचा एक अमेरिकन सरकारी हिशोब आहे, लहान बोटींसाठी तो कामाचा आहे. लांबी गुणिले मागच्या फळीची रुंदी, दोन्ही फुटात. उत्तर ३५ पर्यंत असेल तर ३ एचपी, ३६ ते ३९ ला ५, ४० ते ४२ ला साडेसात, ४३ ते ४५ ला १० आणि ४६ ते ५२ ला १५. बूड सपाट आणि बूड-बाजू जुळतात त्या कडा गोल नसून धारदार असतील तर एक पायरी खाली उतरायचं. आमचं १४ गुणिले साडेतीन म्हणजे ४९, तक्त्यात १५, सपाट बूड म्हणून १०. हे लक्षात ठेवा की ही हद्द आहे, गरज नाही. १२ फुटी बोटीला याच हिशोबानं ४२ येतात, साडेसातवरून उतरून ५ एचपी, त्यामुळे कोणी स्वस्तात ९.९ ची देतो म्हटला तरी घेऊ नका.

वजनाचं तर मी सगळ्यांना हेच सांगतो की मोटर घेण्याआधी तांदळाचं पोतं घ्या. अडीच एचपीची फोर स्ट्रोक मोटर १३ ते १८ किलोची येते, पाच-सहा एचपीची २५ ते २७ किलो, ९.९ ची चाळीसच्या घरात जाते. तर २५ किलोचं पोतं प्लास्टिकमध्ये गुंडाळून मागच्या फळीला दोरीनं बाहेरून बांधायचं, टाकीच्या ऐवजी पाण्याचा कॅन ठेवायचा, चालवणारा माणूस त्याच्या जागी बसवायचा आणि काठावर उभं राहून पाहायचं की फळीची वरची कड पाण्यापासून किती राहिली. आमच्याकडे आधी नऊ बोटं होती, पोतं बांधून माझा मित्र मागे सरकून बसला तशी चारच राहिली आणि पुढचं टोक आभाळाकडे गेलं. नाव अशी मागे बसली की आपल्याच लाटेचं पाणी आत येतं. उपाय सोपा आहे, मोटरच्या दांडीला दोन-अडीच फुटाचा पीव्हीसी पाइप घट्ट क्लॅम्प करून जोडा आणि मधल्या फळीवर बसून चालवा, टाकी आणि बॅटरी पुढे न्या. आम्ही तेच केलं तेव्हा तेच पोतं बांधूनही सात बोटं शिल्लक राहिली.

शाफ्टची, म्हणजे मोटरपासून खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची, लांबी मोजायची विसरू नका, इथे आमचे पैसे गेले आहेत. मोटरी साधारण दोन मापात येतात, शॉर्ट शाफ्ट १५ इंची फळीसाठी आणि लाँग शाफ्ट २० इंची फळीसाठी. मागच्या फळीच्या मधोमध, जिथे क्लॅम्प बसतो त्या कडेपासून बुडापर्यंत उभं माप घ्यायचं. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते, ती बुडाच्या बरोबरीला किंवा एखादा इंच खाली यायला पाहिजे. वर राहिली तर पंखा हवा ओढतो, मोटर नुसती ओरडते आणि नाव जागची हलत नाही. फार खाली गेली तर पंखा चिखलात. आम्ही पहिली मोटर जुनी घेतली, विकणारा म्हणाला शॉर्टच आहे, आम्ही टेप लावला नाही. घरी आणून लावली तर पट्टी बुडाच्या पाच इंच खाली. फेब्रुवारीत पाणी उतरून राहतं, दोन-अडीच फूट पाण्यातच सगळी बदकं असतात आणि तिथे तो पंखा गाळ उपसत होता. फळीवर लाकडी ठोकळा चढवून पाहिला पण क्लॅम्पची पकड हलायला लागली, शेवटी ती तोट्यात विकली. फळी जाडही पाहिजे, आम्ही १८ मिमीचे मरीन प्लायचे दोन थर इपॉक्सीनं चिकटवून ३६ मिमी केली आहे, त्याहून बारीक ठेवू नका, सगळा जोर तिथेच येतो.

जुनी घ्यायची असेल तर समुद्राकडून आलेल्या मोटरी जरा निरखून पाहा, खाऱ्या पाण्यानं आतले रस्ते खाल्लेले असतात. क्लॅम्पचे स्क्रू हातानं फिरतात का पाहा. खालच्या गिअरच्या डब्यातलं तेल थोडं काढून पाहा, दुधासारखं दिसलं तर सील गेलं आणि पाणी आत शिरलं. मग निळ्या ड्रममध्ये पाणी भरून त्यात मोटर चालवायला लावा, बाजूनं पाण्याची बारीक धार जोरात निघाली पाहिजे, धार नाही म्हणजे आतला रबरी पंप गेलेला किंवा रस्ता तुंबलेला. पाण्याशिवाय कोणी "फक्त आवाज ऐकून घ्या" म्हणत चालू करत असेल तर थांबवा, तो पंप कोरडा फिरला की लगेच खराब होतो.

ही धार आपल्याकडे जास्तच महत्त्वाची आहे कारण आपल्या तलावात जलकुंभी आहे, खाली हायड्रिला आहे आणि काठाला बेशरमाच्या बुडालेल्या काड्या. पाणी ओढायची जाळी खाली असते, तिच्यावर शेवाळ बसलं की मोटर तापते. दर पाच मिनिटांनी मागे वळून धार पाहायची सवय लावा. हवेनं थंड होणाऱ्या लहान मोटरी येतात, अशा पाण्यात त्यांना ही भीती नाही पण आवाज जास्त. लाँगटेलचंही काही जण विचारतात, म्हणजे साधं पंपाचं इंजिन, मागे लांब दांडा आणि टोकाला पंखा. चिखलात, गवतात त्याच्यासारखं काही चालत नाही हे खरं आहे, अमेरिकेतले शिकारी त्याच जातीच्या मोटरी वापरतात, पण त्यांना एकदा जागेवर पोचून लपून बसायचं असतं. आपल्याला थव्याजवळ जायचंय आणि त्या आवाजानं पट्टकादंबांचा थवा आपण दिसायच्या आतच उठतो. हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्याला खाऊ द्यायचं सोडून आपण उडवत बसायचं, हे मला अजिबात चालत नाही.

त्यामुळे लहान तलावासाठी मी डोळे मिटून इलेक्ट्रिक म्हणीन. हिची ताकद एचपीत नाही, थ्रस्टच्या, म्हणजे ढकलायच्या जोराच्या, पाउंडात सांगतात. १०० पाउंड वजनाला २ पाउंड थ्रस्ट हा ढोबळ हिशोब, भरलेली नाव ३०० किलो धरली तर १३-१४ पाउंड होतात पण वारा धरून ४० ते ५५ घ्या. १२ व्होल्टवर ५५ पाउंडची मोटर पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर ओढते, ई-रिक्षाची १०० अँपिअर-अवरची लेड अॅसिड बॅटरी निम्मीच वापरायची असते, म्हणजे पूर्ण वेगात तासभरसुद्धा जेमतेम. अर्ध्या वेगात ओढा खूप कमी होतो आणि सकाळ निघून जाते. ती बॅटरी तीस किलोच्या आसपास, लिथियम फॉस्फेटची तेवढ्याच क्षमतेची बारा किलोच्या आसपास, पैसे जास्त पण लहान बोटीत तो अठरा किलोचा फरक समजतो. वायर जाड वापरा आणि बॅटरीजवळच ६० अँपिअरचा ब्रेकर टाका.

खिंडसी, वडगाव, गोसीखुर्द असं मोठं पाणी असेल तर मात्र पेट्रोलच. सकाळी पाणी आरशासारखं असतं आणि अकरा वाजता वारा सुटला की परत येताना इलेक्ट्रिक दमते. अडीच ते चार एचपी, फोर स्ट्रोक, शॉर्ट शाफ्ट, जमलं तर न्यूट्रल आणि रिव्हर्सवाली, कारण अडीचच्या बहुतेक मोटरींना रिव्हर्स नसतो, मोटरच गोल फिरवावी लागते. टू स्ट्रोक हलकी असते पण धूर, आवाज आणि पाण्यावर तेलाची साय, पाणपक्ष्यांच्या पाण्यात ती नको. थव्यापासून दोनशे मीटरवर मोटर बंद करून वर उचलायची आणि पुढे बांबूनं जायचं, लांब बांबू बोटीत असलाच पाहिजे.

पंखा वर उचलायचं मला एका ढिवर काकांनी शिकवलं. पहिल्याच हंगामात आमच्या पंख्यात त्यांचं जाळं गेलं, पहाटेच्या धुक्यात पाण्यावरची जाळ्याची थर्माकोलची खूण दिसलीच नाही. ते डोंगा घेऊन आले, मी आधी माफी मागायला लागलो तर म्हणाले, "भाऊ, आधी मशीन बंद करा, पंखा वर घ्या, मंग बोलू." चाकूनं कापायला निघालो तर हात धरला आणि पंखा उलटा फिरवत फिरवत एक एक पीळ सोडवला, पाऊण तास गेला. जाळ्याचे पैसे दिले, त्यांनी पूर्ण घेतले नाहीत. आता आम्ही आदल्या संध्याकाळी फोन करून विचारतो की काका, जाळं कोणत्या बाजूला आहे. बुडालेल्या खुंटांची जागाही त्यांनाच माहीत असते. खुंट लागला की पंख्याची शिअर पिन तुटते, ती तुटायलाच केलेली असते, गिअर वाचतो. दोन जादा पिना, पक्कड आणि कॉटर पिन डबीत घालून डबी दोरीनं बोटीला बांधा. किल स्विचची, म्हणजे माणूस पडला की मोटर बंद करणाऱ्या बटणाची, दोरी मनगटाला, लाइफ जॅकेट अंगात, सीटखाली नाही.

आणि पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं, ते हवेतली ओल ओढतं आणि या लहान मोटरींचा कार्बोरेटर फार बारीक छिद्रांचा असतो, बऱ्याच मोटरींच्या पुस्तकात १० टक्क्यांचीच मर्यादा लिहिलेली असते, घेण्याआधी ते पान वाचा. आम्ही जायच्या दिवशीच ताजं भरतो, परत येताना काठाच्या शंभर मीटर आधी पेट्रोलचा कॉक बंद करतो म्हणजे कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत नाव काठाला लागते. मार्चमध्ये बदकं गेली की टाकी पूर्ण रिकामी, गिअरचं तेल नवीन, आणि मोटर घरात उभी टांगलेली, गच्चीवर नाही, नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर रबरी नळीला तडे जातात.