लॅबव्ह्यू की पायथन? टेस्ट बेंचचा प्रोग्राम ठरवताना या चुका टाळा

कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत पंप, व्हॉल्व्ह, कास्टिंगची कामं चालतात. तिथे टेस्ट बेंचला, म्हणजे माल तपासायच्या मांडणीला, कॉम्प्युटर जोडायचं ठरलं की पहिला वाद लॅबव्ह्यू (एनआय कंपनीचं, ब्लॉक जोडून प्रोग्राम करायचं सॉफ्टवेअर) की पायथन (ओळी लिहून प्रोग्राम करायची भाषा), हाच. तो बहुतेक वेळा डेमो बघून मिटवला जातो आणि पुढची डोकेदुखी तिथेच सुरू होते.

लॅबव्ह्यू १९८६ पासून याच कामासाठी आहे. ब्लॉक ठेवले, वायरी जोडल्या की थोड्याच वेळात स्क्रीनवर आलेख दिसतो. पण डेमोत चॅनल, म्हणजे मोजायचा सिग्नल, एकच असतो. पुढे वीस चॅनल, पास-फेल, बारकोड, रिपोर्ट असं वाढत जातं. सबव्हीआय, म्हणजे प्रोग्रामचे छोटे वेगळे तुकडे, पाडलेले नसतील तर त्या वायरींतून वाट काढणं कठीण होतं. पायथनमध्ये सगळं एकाच फाईलमध्ये कोंबलं तरी गत तीच.

म्हणून आधी विचारा, रात्रपाळीत बेंच बंद पडला तर प्रोग्राम कोण उघडणार? वायरिंगचे ड्रॉइंग वाचणारा इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमावाला असेल तर ब्लॉक डायग्राम त्याला लवकर उमगतो. कोड लिहिणारे दोघं-तिघं असतील तर पायथन बरा, कारण गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) कोणी कुठली ओळ बदलली ते सरळ दिसतं. लॅबव्ह्यूची व्हीआय फाईल, म्हणजे प्रोग्रामची फाईल, बायनरी असते, साध्या मजकुराची नसते, त्यामुळे दोघांचे बदल एकत्र करणं जिकिरीचं होतं. शिवाय नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली व्हीआय जुन्या आवृत्तीत उघडत नाही. पर्चेस ऑर्डरमध्येच लिहून घ्या: सोर्स फाईल मिळणार, आवृत्ती कुठली, लायसन्स कोणाच्या नावावर. लॅबव्ह्यूची कम्युनिटी एडिशन फुकट असली तरी व्यावसायिक वापराला चालत नाही. कारखान्याच्या बेंचवर ती टाकू नका.

"पायथन स्लो आहे" हे वाक्यही फार ऐकू येतं. तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मिनिटाला एकदा तापमान नोंदवायचं असेल तर कुठलीही भाषा चालेल. पंपाचं व्हायब्रेशन सेकंदाला १०,००० सॅम्पलने (मोजण्यांनी) घ्यायचं असेल तर ते सॅम्पल सिग्नल मोजणाऱ्या कार्डावरच्या क्लॉकनेच पडले पाहिजेत, भाषा कुठलीही असो. लूपमध्ये स्लीप (थांबायची आज्ञा) टाकून १ मिलिसेकंदाचं अंतर राखायला जाऊ नका. विंडोजचा टायमर सहसा सुमारे १५.६ मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी चालतो आणि लॅबव्ह्यूच्या वेट ब्लॉकचा वेळही सॉफ्टवेअरच मोजतं, म्हणून त्याच्याही भरवशावर राहू नका.

एनआयच्या कार्डावर उणे २००२७९ ही एरर आली तर भाषा बदलायला धावू नका. कार्ड भरतंय त्या वेगाने प्रोग्राम बफर (सॅम्पल साठवायची तात्पुरती जागा) रिकामा करत नाही, एवढाच तिचा अर्थ. एका वेळी एक-एक सॅम्पल वाचू नका. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे वरच्या उदाहरणात १,००० सॅम्पलचा, गठ्ठा वाचा. फाईल लिहिणं आणि आलेख काढणं वेगळ्या लूपमध्ये टाका, मध्ये क्यू, म्हणजे डेटाची रांग, ठेवा.

एनर्जी मीटर आरएस-४८५ वायरिंगवर मॉडबसने (यंत्रांनी आकडे पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीने) जोडलाय, मीटरच्या डिस्प्लेवर २३० व्होल्ट आहेत आणि प्रोग्राममध्ये जवळजवळ शून्य. अशा वेळी लोक तासन्‌तास केबल बदलत बसतात. खरं तर ३२ बिटांचा फ्लोट (दशांश आकडा) १६ बिटांच्या दोन रजिस्टरमध्ये, म्हणजे मीटरमधल्या कप्प्यांत, येतो. २३० असेल तर पहिल्यात हेक्समध्ये ४३६६, दुसऱ्यात ००००. काही मीटर हा क्रम उलटा पाठवतात आणि उलटा जोडला की आकडा शून्याला चिकटतो. आधी दोन्ही रजिस्टरचे कच्चे आकडे छापून बघा, मग क्रम बदला. बिटांचा आकडा बनवायला लॅबव्ह्यूचा टाइप कास्ट वापरा की पायथनचा स्ट्रक्ट, दोन्हीकडे हीच गफलत होते.

सगळ्यात घातक चूक प्रेशर ट्रान्समीटरच्या, म्हणजे दाब मोजून विजेचा सिग्नल पाठवणाऱ्या सेन्सरच्या, ४ ते २० मिलिअँपच्या सिग्नलवर होते. २५० ओहमच्या रेझिस्टरवर त्याचे १ ते ५ व्होल्ट होतात. रेंज ० ते १० बार असेल तर ३ व्होल्ट म्हणजे ५ बार. वायर तुटली की ० व्होल्ट येतात आणि सूत्रातून उणे २.५ बार निघतं. स्क्रीनवर उणे आकडा बरा दिसत नाही म्हणून कोणीतरी "शून्याखाली गेलं तर शून्य दाखव" अशी अट घालतो. मग तुटलेली वायर आणि रिकामी लाइन यांत फरकच उरत नाही. ती अट काढा. ०.९ व्होल्टच्या खाली, म्हणजे ३.६ मिलिअँपखाली, आकडा न दाखवता लाल अलार्म द्या आणि चाचणी थांबवा. बेंच ताब्यात घेताना ट्रान्समीटरची वायर स्वतः काढून हा अलार्म वाजतो का ते बघा, त्यानंतरच बिलावर सही करा.