मोबाइलच्या साहाय्याने गाडीचा पिकअप कसा मोजावा

गाडी शून्यावरून ताशी १०० किलोमीटरचा वेग किती सेकंदांत गाठते, हा जाहिरातीतला आकडा पडताळून पाहण्याचा मोह झाला, तरी मुंबईच्या रस्त्यांवर त्या फंदात पडू नये. वांद्रे-वरळी सागरी सेतूवरही वेगमर्यादा ८० ची आहे आणि तिथे गाडी थांबवण्यासच मनाई आहे. शून्य ते साठ ही चाचणी पुरेशी बोलकी असते. ती एखाद्या गोदामाच्या किंवा कारखान्याच्या बंद आवारात, मालकाच्या परवानगीने, किमान दोनशे मीटर सरळ, सपाट आणि कोरडी जागा पाहून करावी.

यासाठीची अनेक अ‍ॅप जीपीएसवर चालतात आणि अडचण तिथेच आहे. बहुतेक मोबाइल जीपीएसकडून सेकंदाला एकदाच वेग घेतात. सहा सेकंदांत साठ गाठणारी गाडी तेवढ्या एका सेकंदात ताशी दहा किलोमीटरने पुढे गेलेली असते, त्यामुळे पडद्यावर दिसणाऱ्या ‘५.८३’ मधल्या शेवटच्या दोन अंकांवर मी तरी विसंबत नाही. मोबाइलमधला त्वरणमापक, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो ते टिपणारा सेन्सर, सेकंदाला अनेकदा मोजतो खरा, परंतु जोरात निघताना गाडीचे नाक वर उचलले जाते, तेव्हा गुरुत्वाकर्षणाचा थोडा अंशही तो वेगवाढ म्हणून मोजतो, आणि हा कल अवघा एक अंश असला तरी सहा सेकंदांत ताशी जवळपास पावणेचार किलोमीटरची चूक साचते. म्हणून वेग जीपीएसने आणि वेळ व्हिडिओने मोजावी.

आधी स्पीडोमीटरची परीक्षा घ्यावी, कारण तो सहसा खऱ्यापेक्षा थोडा जास्त वेग दाखवतो. मर्यादेच्या आत राहून, मोकळ्या आकाशाखाली (लोअर परळच्या टॉवरांमध्ये नव्हे, तिथे इमारतींवरून उसळलेले संकेत जीपीएसला चकवतात) गाडी दहा सेकंद एकाच वेगाने चालवावी आणि सोबत्याने जीपीएसचा आकडा वाचावा. खरा वेग साठ असताना काटा समजा ६३ वर असेल, तर चाचणीची अंतिम रेषा ६३ ही धरावी.

मग मोबाइल होल्डरमध्ये घट्ट बसवून, काटा आणि काचेबाहेरची एखादी स्थिर वस्तू, म्हणजे खांब किंवा भिंतीची कड, दोन्ही चौकटीत येतील असे पाहावे. व्हिडिओ सेकंदाला ६० फ्रेमचा असावा आणि भर दिवसा घ्यावा, कारण प्रकाश कमी पडला की काही मोबाइल गुपचूप फ्रेम कमी करतात. रेकॉर्डिंग सुरू करून, गाडी पूर्ण थांबलेली असताना सुरुवात करावी आणि ठरलेला आकडा येताच ब्रेक लावावा.

घरी आल्यावर व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवावा. पहिली फ्रेम काटा हलल्याची धरू नये, कारण तो उशिराने हलतो. बाहेरचा खांब सरकू लागतो तीच धरावी. तिथपासून अंतिम रेषेपर्यंत ३४२ फ्रेम भरल्या, तर ३४२ भागिले ६०, म्हणजे ५.७ सेकंद.

डोळ्यांना न दिसणारा उतारही निकाल बदलतो, म्हणून दोन्ही दिशांना तीन-तीन फेऱ्या घेऊन सरासरी काढावी. प्रत्येक फेरीसोबत टायरमधली हवा, माणसे आणि एसी यांची नोंद ठेवावी. लहान इंजिनाच्या गाडीत एसीचा फरक लगेच दिसतो, आणि मे महिन्यातल्या मुंबईत एसी बंद ठेवून गाडी चालवणारा विरळाच. तेव्हा एक संच एसी चालू ठेवूनही घ्यावा.