घरासाठी राऊटर: अँटेना नंतर मोजा, आधी पोर्ट बघा

राऊटर निवडण्याआधी घरात फायबर कुठे येऊन थांबतं ते बघा. भिंतीवरच्या ओएनटीमधून (फायबरचा सिग्नल नेटवर्क वायरवर आणणाऱ्या डबीतून) साधी नेटवर्क वायर बाहेर येत असेल तर वॅन पोर्ट (बाहेरून येणारं नेट जोडायचं भोक) असलेला बहुतेक कोणताही वायफाय राऊटर चालतो. ओएनटी आणि राऊटर एकाच डब्यात असतील तर तो डबा काढून टाकता येत नाही. तो नेटवाल्याकडून ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे तो राऊटरचं काम सोडून नेट फक्त पुढे पाठवेल, आणि कनेक्शन पीपीपीओईचं (लॉगिन करून चालणारं) असेल तर युजरनेम-पासवर्डही मागून घ्या. तसं न करता नवा राऊटर मागे जोडला तरी नेट चालतं, पण डबल नॅट होतं, म्हणजे घरातल्या उपकरणांचे पत्ते एकामागोमाग दोन राऊटर बदलतात. मग बाहेरून घरचा कॅमेरा बघताना किंवा ऑनलाइन गेम खेळताना कटकट सुरू होते.

आता खोक्यावरचे आकडे. ‘एसी १२००’ म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची ढोबळ बेरीज. एका फोनला ही बेरीज कधीच मिळत नाही. त्यातही असल्या बऱ्याच स्वस्त राऊटरचे पोर्ट १०/१०० चेच असतात. प्लॅन २०० एमबीपीएसचा असला तरी स्पीड टेस्ट ९४-९५ वर अडकून बसते आणि शिव्या मात्र नेटवाल्याला पडतात. वॅन आणि लॅन (घरातली उपकरणं वायरने जोडायचे पोर्ट), दोन्हींपुढे १०/१००/१००० लिहिलंय ना, एवढं आधी तपासा.

गिगाबिट पोर्ट असूनही स्पीड ९४ वरच थांबला तर वायर बघा. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. क्रिंपिंग करताना, म्हणजे वायरच्या टोकाला पिन बसवताना, उरलेल्या चारपैकी एखादी तार नीट बसली नाही तर बहुतेकदा नेट बंद पडत नाही, जोडणी मुकाट्याने १०० वर उतरते. म्हणून हा दोष वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. कॅट ५ई किंवा कॅट ६ (गिगाबिट पेलणारे वायरचे प्रकार) ची दुसरी, चांगली वायर लावून बघितली की लगेच उलगडा होतो.

वायफाय ६ (‘एसी’नंतरची पिढी, खोक्यावर ‘एएक्स’) घ्याच, घरात उपकरणं जास्त असतील तर फरक जाणवतो. एएक्स ३००० चा पूर्ण वेग मात्र १६० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवरच मिळतो आणि फोन-लॅपटॉपलाही ते जमावं लागतं. नसेल जमत तर एएक्स १८०० पुरे. जास्त अँटेनांनी रेंज वाढेल ही आशा सोडा. सिग्नलच्या ताकदीला कायद्याची मर्यादा असते आणि काँक्रीटची भिंत ५ गिगाहर्ट्झला जुमानत नाही. लांबच्या खोलीपर्यंत वायर ओढून तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायरवरचं नेट वायफायवर देणारा डबा) लावणं कधीही बरं.

टिकाऊपणासाठी मॉडेलच्या नावापुढचा व्हर्जन नंबर बघा. एकाच नावाखाली आतली चिप बदललेली असू शकते. कंपनीच्या साइटवर नेमक्या त्याच व्हर्जनचं शेवटचं फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) कधी आलं ते शोधा. दोन-तीन वर्षं काहीच आलं नसेल तर ते मॉडेल सोडा. डब्ल्यूपीए ३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) हवंच.

राऊटर सारखा रीस्टार्ट होत असेल तर नवा घेण्याआधी अडॅप्टर बदलून बघा. व्होल्टेज आणि पिनची पोलॅरिटी तंतोतंत तीच हवी, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. १२ व्होल्टच्या राऊटरला ९ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर दिवे लागतातही, पण वायफायवर ताण आला की राऊटर बंद पडू शकतो.