कप्पीच्या गणितात त्वरणाचं नातं काढायचं तर आधी दोरी मोजा

अकरावीची पोरं कप्पीच्या गणितांना आली की अडतात. न्यूटनचा दुसरा नियम (बल = वस्तुमान × त्वरण) सगळ्यांना लावता येतो, घोळ होतो तो दोन ठोकळ्यांच्या त्वरणांचं नातं काढताना, "एकच दोरी आहे म्हणजे त्वरण सारखंच" असं धरून पुढं जातात आणि सगळं गणित जातं. दोरी एक असली (हलकी, आणि कप्पीला घर्षण नाही) तर ताण सारखा असतो, त्वरण सारखं असेलच असं नाही.

आमच्या तासगावकडं विहिरीतली मोटर वर काढताना बघा कधी. तिवईला वर एक कप्पी आणि दुसरी कप्पी मोटरच्या हुकाला. दोरीचं एक टोक तिवईलाच बांधलेलं, तिथनं खाली येऊन मोटरच्या कप्पीखालनं वळतं, परत वर जातं आणि वरच्या कप्पीवरनं माणसांच्या हातात. मोटर 1 फूट वर यायची तर तिला धरणारे दोन्ही पदर एकेक फूट आखूड व्हायला पाहिजेत, म्हणजे हातात 2 फूट दोरी येते. अंतर दुप्पट म्हणून वेग दुप्पट, आणि वेग दुप्पट म्हणून त्वरण पण दुप्पट. सगळं प्रकरण एवढंच आहे खरं तर.

आता हेच वहीत. हाताच्या जागी गुळगुळीत टेबलावर 1 किलोचा ठोकळा अ, मोटरच्या जागी 6 किलोचा ब. टेबलाच्या कडेच्या पक्क्या कप्पीपासून अ चं अंतर क्ष, आणि तिथनंच खाली ब च्या कप्पीपर्यंत य. अंतर नेहमी न हलणाऱ्या जागेपासनं मोजायचं, निम्म्या चुका इथंच होतात. दोरी ताणत नाही म्हणून क्ष + 2य = कायम (कप्पीवरचा वळसा बदलत नाही, तो धरायची गरज नाही). दोनदा डिफरन्शिएट करा (अंतरावरनं वेग, वेगावरनं त्वरण), अ चं त्वरण = उणे 2 गुणिले ब चं त्वरण. उणे बघून घाबरू नका, ब खाली जातो तेव्हा क्ष कमी होतो एवढाच त्याचा अर्थ, ते चिन्ह मनानं खोडू मात्र नका.

पुढं सोपं आहे. ब चं खालच्या दिशेनं त्वरण त धरलं तर अ चं कप्पीकडं 2त, म्हणून ताण = 1 × 2त. ब ला दोन पदर वर ओढतात म्हणून 60 − 4त = 6त (गुरुत्वत्वरण 10 धरून), त = 6. म्हणजे अ चं त्वरण 12, गुरुत्वत्वरणापेक्षा जास्त! इथं पोरं हमखास उत्तर खोडतात. खोडू नका, बरोबर आहे ते, अ काही मोकळा पडत नाहीय, त्याला 12 न्यूटनचा ताण ओढतोय.

हलत्या कप्पीवर दुसरी दोरी टाकून तिला दोन ठोकळे लटकवले असतील तर दर दोरीचं वेगळं समीकरण लिहा. ठोकळ्यांची आणि कप्पीची अंतरं न हलणाऱ्या जागेपासनंच घ्यायची, पण दोन्ही पदरांची लांबी त्या कप्पीपासनं, म्हणजे ठोकळ्याचं अंतर वजा कप्पीचं अंतर, म्हणून कप्पीचं अंतर दोनदा वजा होतं आणि येतं, दोन ठोकळ्यांच्या त्वरणांची बेरीज = 2 × कप्पीचं त्वरण. तिन्ही त्वरणं एकाच दिशेनं धन धरायची, नाहीतर घोळ.

ताळा पण करता येतो. प्रत्येक ठोकळ्यावरचा ताण गुणिले त्याचं त्वरण, दिशेच्या चिन्हासकट, सगळ्यांची बेरीज शून्य यायला पाहिजे. वरच्या गणितात अ साठी 12 × 12 = 144 आणि ब साठी 24 × 6 = 144, फक्त ब वर ताण वर आणि त्वरण खाली, म्हणून उणे. जुळलं.