कृत्रिम चांद्रमातीची घनता मोजताय? या चुका टाळा

चंद्रावरच्या मातीसारखी बनवलेली माती हौदात भरून त्यात रोव्हर चालवून बघतात. तेव्हा चाक किती रुतलं हे लोक मिलिमीटरपर्यंत मोजतात, आणि चाकाखालच्या मातीची घनता मात्र हिशेबानं काढतात: ओतलेल्या मातीचं वजन भागिले हौदाचं घनफळ. ही झाली अख्ख्या हौदाची सरासरी. चाकाला मुख्यतः वरचे १०-१५ सेंमी जाणवतात, म्हणून तिथलाच नमुना नळीनं घ्यायला हवा.

सगळ्यात मोठा घोळ या नळीतच होतो. भुसभुशीत कोरडी माती नळी दाबताना आतल्या आत दबते. आतला व्यास ५ सेंमी, खोली १० सेंमी धरा. घनफळ सुमारे १९६ घनसेंमी, माती ३३४ ग्रॅम, घनता १.७० ग्रॅम प्रति घनसेंमी. आतली माती ३ मिमी दबली, की तेच वजन ९.७ सेंमी उंचीत बसतं आणि तुम्ही १.७५ लिहून मोकळे होता. फरक किरकोळ वाटतो ना? समजा या मातीची किमान घनता १.५५ आणि कमाल २.०० आहे. मग सापेक्ष घनता, म्हणजे सर्वांत सैल आणि सर्वांत घट्ट या दोन टोकांमध्ये माती कुठं बसते ते, ३९ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेली. चाकाच्या दृष्टीनं ही वेगळीच जमीन!

अपोलो ११ला हाच फटका बसला. चंद्रावर मातीचा नमुना घ्यायला नेलेल्या नळीचं टोक आतल्या बाजूला निमुळतं होत गेलेलं होतं. त्यामुळे नमुना विस्कटला आणि चंद्रावरची मूळ घनता त्यावरून खात्रीनं सांगता येईना. अपोलो १२ साठी टोक बदललं. अपोलो १५ पासून पातळ भिंतीच्या, ४.१३ सेंमी आतील व्यासाच्या नळ्या आल्या. इतकं सगळं माहीत असूनही जाड पीव्हीसी पाइप हातोडीनं ठोकणारे भेटतातच. कृपा करून हे करू नका. पातळ स्टीलची नळी घ्या, धार बाहेरून दिलेली, आणि ती सरळ, सावकाश दाबा. उपसण्याआधी आतल्या आणि बाहेरच्या मातीची पातळी खोलीमापकानं मोजा. १ मिमीहून जास्त फरक दिसला, तर आम्ही तो नमुना टाकूनच देतो. कोरडी माती नळीतून गळते, त्यामुळे बाजूनं उकरून खालून पत्रा सरकवा आणि मगच उचला.

किमान-कमाल घनता दुसऱ्याच्या शोधनिबंधातून उचलू नका. इस्रोची चांद्रमाती तमिळनाडूतल्या नामक्कल भागातल्या अनॉर्थोसाइट खडकाची, तर जेएससी-१ए ही अमेरिकी कृत्रिम चांद्रमाती ॲरिझोनातल्या ज्वालामुखीच्या राखेची. १.७० हा आकडा एकीत सैल, दुसरीत घट्ट ठरू शकतो. आपल्या खेपेवर दोन्ही टोकं स्वतः मोजा.

घाईतल्या नवख्यांचा लाडका शॉर्टकट म्हणजे रोव्हरची एक फेरी झाली की वरवर दाताळं फिरवून लगेच दुसरी. खालचा दबलेला थर तसाच राहतो. फावड्यानं तळापर्यंत मोकळी करा, फळीनं समतल करा, पुन्हा मोजा. वेळ जातो, जाऊ द्या.

शंकू पेनिट्रोमीटर, म्हणजे मातीत टोकदार शंकू दाबून बघायचं उपकरण, मातीचा रोध दाखवतो, घनता नव्हे. आधी नळीच्या मोजमापाशी त्याचा मेळ घाला. भिंतीलगत टोचू नका, रोध वाढलेला दिसतो.

माती ११० अंश सेल्सिअसला रात्रभर वाळवा. एन-९५ मास्क लावल्याशिवाय पोतं उघडू नका.

आणि तयार हौद चाकांवरून ढकलत नेऊ नका. हादऱ्यांनी माती बसते. जिथं रोव्हर चालवणार, तिथंच हौद भरा आणि तिथंच मोजा.